पालकांच्या जबाबदारीवर

जुन्या राज्यकारभाराची दप्तरे चाळली असता असे दिसते की, ज्याच्या हाती अखत्यार त्याच्याच माथी जबाबदारी, हे तत्त्व निदान कागदोपत्री तरी सर्व दौलतींना मान्य होते. देशमुखाला वतन होते, म्हणून वसुलीचा तगादा त्याच्याकडे लावता येई; कोठावळ्याच्या कमरेला कोठाराच्या किल्ल्या होत्या, म्हणून धान्य घटले की हिशेब त्याला विचारता येई. परंतु ज्याच्यापाशी ना वतन, ना किल्ल्या, ना शिक्कामोर्तब, आणि तरीही प्रत्येक तुटीचा जाब ज्याला द्यावा लागतो, असा एक अपूर्व हुद्दा आमच्या काळाने निर्माण केला असून त्यावर नेमलेल्या इसमास 'पालक' असे म्हणतात. बागेतल्या झोपाळ्याशेजारचा फलक असो, पोहण्याच्या तलावाची पावती असो की शाळेच्या सहलीचे संमतिपत्र असो, मजकूर संपता संपता त्याच्या नावाने एक ओळ लिहिलेली असतेच. आणि ती वाचायला मिळते ती पैसे भरून झाल्यावर.

चित्रपटाचेच पाहा. 'यूए' ही खूण 1983 साली अवतरली तेव्हा तिचा आशय एवढाच होता की, बारा वर्षांखालील मुलांनी तो चित्रपट वडीलधाऱ्यांच्या मार्गदर्शनाने पाहावा. चार दशके त्या एकाच खुणेवर संसार चालला. पुढे 2023 च्या सुधारित कायद्याने तिच्या वाटण्या केल्या आणि 2024 पासून सात, तेरा व सोळा अशा वयांचे तीन शिक्के प्रमाणपत्रावर उमटू लागले. सातव्या वर्षीचे बालमन आणि तेराव्या वर्षीचे कुमारमन यांमधील बांध सरकारी मोजणीदाराने इतक्या नेमकेपणे घालून दिल्याबद्दल कोणाही पित्याने कृतज्ञच राहावे. परंतु त्याच कायद्यात असेही नमूद आहे की, ही खूण केवळ पालकांच्या मार्गदर्शनासाठी असून पालकांवाचून अन्य कोणालाही तिची अंमलबजावणी करता येणार नाही. म्हणजे दारावर तिकीट तपासणारा मोकळा, चित्रगृहाचा मालक मोकळा, आणि मंडळ तर शिक्का मारून केव्हाच घरी गेलेले. उरला पालक, जो या नव्या खात्याचा दिवाण, फौजदार आणि शिपाई अशा तिन्ही जागा बिनपगारी सांभाळीत अंधारात बसलेला असतो. पडद्यावर खलनायकाने कोणाची मान पिरगाळली की या शिपायाने शेजारच्या आरोपीच्या डोळ्यांवर तळहात ठेवावा, आरोपीने बोटांच्या फटींतून उर्वरित दृश्य सावकाश पाहून घ्यावे, आणि मध्यंतर होताच ती मान नेमकी कोणत्या बाजूला फिरली याविषयीची शिपायाची समजूत दुरुस्त करावी, असा हा मार्गदर्शनाचा परिपाठ आहे.

(आमच्या लहानपणी या बाबतीत सरकार फारच गाफील असावे. 1952 पासून मराठीत निघू लागलेल्या 'चांदोबा'त एक राजा दर महिन्याला झाडावरचे प्रेत खांद्यावर टाकून स्मशानातून चालू लागे, आणि ते प्रेत त्याला गोष्ट सांगून वर अशी धमकी देई की, उत्तर ठाऊक असून न दिलेस तर तुझ्या मस्तकाची शकले होतील. या मजकुरावर कोणत्याही वयाचा शिक्का नव्हता. आमच्या मातोश्रींनी त्या मासिकाबद्दल एकच मार्गदर्शन केल्याचे स्मरते: जेवताना वाचू नये, पानांवर आमटी सांडते.)

मध्यंतर हा तर कौटुंबिक करमणुकीचा गाभा. त्याच्या अलीकडे नि पलीकडे जे दाखवितात त्यास चित्रपट म्हणतात. चित्रगृहात बाहेरचे खाणे नेता यावे की नाही, हा वाद जम्मू-काश्मीरच्या उच्च न्यायालयातून निघून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि 3 जानेवारी 2023 रोजी तेथे असा निवाडा झाला की, चित्रगृह ही मालकाची खाजगी मिळकत असल्याने बाहेरचे खाद्य अडविण्याचा हक्क त्याला आहे. मात्र पिण्याचे शुद्ध पाणी त्याने विनामूल्य ठेवावे आणि तान्ह्या मुलासाठी आणलेला बेताचा खाऊ अडवू नये. सुनावणीच्या ओघात सरन्यायाधीशांनी जिलबीचा दाखला दिला: उद्या कोणी जिलबी आणून चिकट बोटे आसनाला पुसली, तर सफाईचा खर्च कोणी सोसायचा? ज्याच्या घरी एक मूल आणि एक सोफा आहे असा कोणीही गृहस्थ हा युक्तिवाद बिनतोड मानील. केवळ चित्रगृहाच्याच काउंटरवरून कॅरमलचे पॉपकॉर्न घेतले असता बोटे चिकट का होत नाहीत, एवढा एक किरकोळ मुद्दा अनुत्तरित राहिला. त्या पॉपकॉर्नकडे दुर्लक्ष झाले असे मात्र कोणी समजू नये. 21 डिसेंबर 2024 रोजी जैसलमेर येथे भरलेल्या जीएसटी परिषदेने त्याचा सांगोपांग विचार करून असा खुलासा केला की, त्या वेळच्या दरांनुसार मीठमसाला लावलेले सुटे पॉपकॉर्न 5 टक्क्यांत बसते, तेच पाकिटात घालून वर नाव छापले की 12 टक्क्यांत जाते, आणि साखरेचा पाक चढताच त्याची गणना मिठाईत होऊन ते 18 टक्क्यांच्या पंगतीला बसते. त्या तीन पंगतींपैकी मूल कोणत्या पंगतीकडे बोट दाखवील, हे अर्थखात्यालाही अगोदरच ठाऊक असावे असा आमचा वहीम आहे.

चित्रगृहातून सुटून घरी यावे, तर स्वयंपाकघराच्या फळीवर दुधात कालवायच्या भुकटीचा डबा मांड ठोकून बसलेला असतो. या डब्याचे कुळ मोठे. 1873 साली हॉर्लिक नावाच्या दोघा इंग्रज बंधूंनी शिकागोत जाऊन धान्याच्या सत्त्वाचे खाद्य काढले, ते मुख्यतः तान्ह्या मुलांसाठी आणि दुखणाइतांसाठी. पुढे 1930 च्या दशकात जाहिरातवाल्यांनी असा शोध लावला की, चांगल्या धडधाकट प्रौढ माणसांनाही झोपेत उपासमार होते आणि म्हणून ती सकाळी मरगळलेली उठतात. व्याधी आणि तिचा उतारा एकाच पेढीवर मिळण्याची सोय तेव्हापासून झाली. आमच्याकडे हा उतारा परत मुलांकडे वळला आणि व्याधी म्हणून उंची निवडण्यात आली, ही निवड धोरणी खरी. कारण मुलाची उंची वाढते ती आपोआप, श्रेय घेता येते डब्याला, आणि ती न वाढली तर चमचा कमी पडल्याचा ठपका आईवर ठेवता येतो. कोणाचे पेय मुलाला अधिक वाढविते या वादात 2008 साली दोन नामांकित कंपन्या एकमेकींच्या जाहिरातींविरुद्ध न्यायालयाची पायरी चढल्या होत्या. वादाचा विषय मुले होती. साक्षीला मात्र कोणी मूल बोलाविल्याचे ऐकिवात नाही.

आणि मग एप्रिल 2024 उजाडला. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने चौकशी करून असे कळविले की, 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'आरोग्यपेय' नावाचा पदार्थच नमूद नाही. त्यावर व्यापार मंत्रालयाने ऑनलाइन दुकानदारांना ताकीद दिली की, बोर्नव्हिटासह अशी सर्व पेये त्या सदरातून काढून टाकावीत. आणि हॉर्लिक्सच्या मालकांनीही आरोग्याचा उल्लेख सोडून 'कार्यात्मक पोषण पेय' असे भारदस्त नामाभिधान धारण केले. डबा होता तेथेच राहिला, चमचा होता तोच राहिला, साखरही सोबतीला होती. फक्त आरोग्य तेवढे रातोरात फळीवरून उतरून गेले. भल्या पहाटे उठून ज्यांनी वर्षानुवर्षे मुलांमागे पेला घेऊन घरभर धावपळ केली, त्यांना यासंबंधी कोणतेही परिपत्रक आले नाही.

खेळण्यांविषयी फार लिहीत नाही. 1 जानेवारी 2021 पासून त्यांवर भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का सक्तीचा झाला, परदेशी खेळण्यांवरील आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 आणि पुढे 70 टक्क्यांवर गेले, आणि रंगात शिसे किती, कोपरा किती अणकुचीदार, हे आता प्रयोगशाळेत तपासले जाते. ही व्यवस्था स्तुत्य आहे. सेलवर वाजणारा ढोल रविवारी दुपारी कोठे वाजावा, याविषयी नियम मौन बाळगतात. बारामतीच्या कारखान्यातून बाहेर पडणारे ते चॉकलेटचे अंडे तर आम्हांला मुत्सद्देगिरीचा नमुना वाटते: आतले खेळणे तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही, हा इशारा चष्मा लावून वाचावा अशा अक्षरांत छापायचा, आणि दुकानदाराने ते अंडे नेमके दोन वर्षांच्या मुलाच्या नजरेच्या उंचीवर, पैसे देण्याच्या जागेशी, जेथून पित्याला माघार घेता येत नाही तेथे मांडायचे!

या सर्व खटाटोपाला कंटाळून, निदान दिवाळीत तरी विकत न मिळणारी करमणूक मुलाला द्यावी, या हेतूने आम्ही मातीच्या किल्ल्याचा प्रस्ताव घरात मांडला. बाजारात प्लास्टरचा आयता किल्ला मिळतो, बुरुजासकट, रंगासकट. दगड-माती पोत्यात भरून विकणारेही आहेत, हे आमच्या ध्यानी नव्हते असे नव्हे. परंतु आमचा निश्चय कायम राहिला. सोसायटीच्या सचिवांनी वाहनतळाच्या कोपऱ्यात चार फुटांची जागा लेखी मंजूर केली. अट अशी की, अळिवावर शिंपडलेले पाणी कोणाच्या मोटारीखाली जाऊ नये आणि सण सरताच माती हलवावी. माती चाळणे, विटा रचणे, वर गोणपाट अंथरून चिखल लिंपणे ही कामे आमच्याकडे आली. देखरेख चिरंजीवांनी खुर्चीवर बसून केली. किल्ला उभा राहिला. महाराज सिंहासनावर बसले, मावळे चौक्यांवर गेले, प्रत्येक मावळा दरवाज्याहून वीतभर उंच असल्याने शत्रूला आत शिरण्याची भीती नव्हती. इतक्यात पश्चिमेच्या बुरुजावर रबरी डायनासोर तैनात झालेला दिसला. इतिहास हा एकच विषय असा की ज्यात घरात आमचा शब्द चालावा असा आमचा समज आहे. सबब आम्ही तीव्र हरकत घेतली. चिरंजीवांनी ती ऐकून न घेता प्रकरण थेट आजीपुढे नेले. मातोश्रींनी जपमाळ बाजूला ठेवून दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकले, खाली येऊन जागेची पाहणी केली, आणि डायनासोरला गुहेत धाडून गुहेतल्या वाघाला बुरुजावर बढती दिली. आमच्या हरकतीवर शेरा एवढाच पडला, की चिखलाच्या पायांनी लिफ्टमधून वर येऊ नये.