तिसावा उमेदवार

बाबीला काही येत नाही, असं धामापुरात तोंडावर म्हणायची सोय नाही. म्हटलं की तो घरात जातो आणि फाईल घेऊन बाहेर येतो. निळी, बटणाची फाईल. आत मधमाशीपालन, काथ्याच्या वस्तू, अळंबी, मोबाईल दुरुस्ती, मोटार रिवाइंडिंग, न्याहारी-निवास, पर्यटक मार्गदर्शन अशी प्रमाणपत्रं, एकूण एक लॅमिनेट केलेली. या सगळ्या धंद्यांतून आजवर प्रत्यक्ष पैसे कमावलेला माणूस एकच, कुडाळ बाजारातला लॅमिनेशनवाला.

बाबी म्हणजे कोणी एक इसम समजू नका. मालवण-कुडाळ रस्त्याला कुठल्याही वाडीत उतरा, पारावर एक बाबी भेटेलच. वयाने तिशी-पस्तिशीचा, खिशाला पेन. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा झाला आणि तेव्हापासून आम्हाला कुशल करायला कोणी ना कोणी गाडीतून येतच आहे. खेकडापालन आलं, कालवांची शेती आली, 2015 साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. माणसं आली तशी गेली. बाबी मात्र प्रत्येकाच्या हजेरीपटावर आहे.

कोर्स निवडण्याची त्याची स्वतःची रीत आहे. विषय तो शेवटी विचारतो. आधी विचारतो, जेवण कोणाचं? ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत राहणं-जेवण फुकट, त्यामुळे तिच्याबद्दल त्याच्या मनात खोल आदर. दहा दिवसांचा वर्ग असेल तर तो हसत जातो. तीस दिवसांच्या मोटार रिवाइंडिंगला गेला तेव्हा आईने भगवतीच्या देवळात गाऱ्हाणं घातलं, “ह्येच्या हातून कायतरी एक पुरा होऊदे, म्हाराजा!” झालं की पुरं. तीस दिवस पूर्ण भरले, प्रमाणपत्र आलं, आणि आठवड्याभरात घरच्या विहिरीवरचा पंप बंद पडला.

हा प्रयोग बघायला आम्ही चौघे जण जमलो होतो. बाबीने आधी खळ्यात वर्तमानपत्र पसरलं. मेन स्विच बंद केला, दोनदा तपासला. पंप खोलला आणि एकेक स्क्रू, वॉशर, कपॅसिटर वर्तमानपत्रावर ओळीने मांडून प्रत्येकाखाली पेनने नंबर घातला. मोबाईलवर फोटो काढले. इथपर्यंत काम इतकं देखणं झालं की आईने कौतुकाने चहा टाकला. चहा संपला तरी बाबी त्या ओळीकडे बघतच होता.

“काय झाला?”

“आमका शिकवलेलो पंप निळो होतो,” बाबी म्हणाला. “ह्यो हिरवो आसा.”

शेवटी कट्ट्याचा मेस्त्री मोटारसायकलवरून आला. त्याने वर्तमानपत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. विहिरीतला पाईप वर ओढला, फुटवॉलमध्ये अडकलेला आंब्याचा पाला बोटाने काढला आणि म्हणाला, “आता ह्या सगळा परत जोडा.” जोडणीही त्यालाच करावी लागली. त्याच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नाही. चौदाव्या वर्षी कोणाच्या तरी दुकानात पाने पुसायला राहिला, एवढंच त्याचं शिक्षण. तो गेल्यावर बाबीने मान हलवली. “पद्धत चुकीची आसा. हातात ग्लोव्हज खंय होते?”

17 सप्टेंबर 2023 ला प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू झाली तेव्हा बाबीला वाटलं, ही तर माझ्यासाठीच काढली. अठरा धंदे, प्रशिक्षणाला दिवसाला 500 रुपये, वर अवजारांसाठी 15,000. तो यादी मोठ्याने वाचत होता: सुतार, होडी बांधणारे, लोहार, कुंभार, गवंडी, न्हावी, शिंपी, मासेमारीची जाळी विणणारे. हत्यारं-चिलखतं घडवणाऱ्यापाशी तो थबकला. “आपल्याकडे तलवारी कोण करता रे?” कोणी हात वर केला नाही. पण इथे घोडं अडलं. योजना त्या धंद्यात आधीपासून असलेल्यांसाठी होती आणि बाबी कुठल्याच धंद्यात नव्हता. ज्याला नियमाने जाता आलं असतं, तो आमचा चिऱ्याच्या कामावरचा गवंडी म्हणाला, “पाचशांसाठी वर्गात बसान? माझी हजेरी त्याच्यावर आसा.”

गंमत अशी की धामापुराला ज्या माणसाची सगळ्यात जास्त गरज, तो त्या अठरांत नाहीच. माडावर चढणारा. नारळ सुकून आपोआप खाली येतायत, कौलं फुटतायत, अंगणात खाट टाकायची भीती, आणि हा फोनवर म्हणतो, “उद्या येतंय.” गणपतीच्या आधी चाकरमानी कोकण रेल्वेच्या कन्फर्म तिकिटाची वाट बघतो, तशी त्याची वाट बघावी लागते. त्याची मुलं मुंबईला आहेत. माडावर चढायचं त्यांना त्यानेच शिकवलं नाही.

बाबीला मी आळशी म्हणणार नाही. पहाटे पाचला उठून कोर्सला जाणारा माणूस आळशी कसा? त्याला एक गोष्ट उत्तम येते, ती म्हणजे प्रशिक्षण घेणं. कुठे बसलं की फोटोत चेहरा येतो, मॅडमना कुठला प्रश्न विचारला की त्या खूश होतात, आभारप्रदर्शनात सरपंचांचं नाव कितवं घ्यायचं, अंगठ्याची हजेरी लागत नसेल तर बोट कसं पुसायचं, यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नाही. बॅचला तीस माणसं लागतात. एकोणतीस झाली की फोन बाबीला येतो. कौशल्याच्या अख्ख्या व्यवहारात बारमाही काम असलेला माझ्या ओळखीत तो एकटाच.

शिवाय त्याच्याकडे एक बिनतोड मुद्दा आहे. आमचा तलाव 1530 सालचा, विजयनगरच्या काळातला, माती-दगडाचा. बांधणाऱ्यांकडे डिप्लोमा नव्हता, तरी पाणी अजून शेताला जातं. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता दिली. “बघा,” बाबी म्हणतो, “चारशे नव्वद वर्सां काम केल्यान, तरी शेवटी कागद लागलोच मा?”

यंदा त्याला बढती मिळाली. नारळाच्या झाडावर यंत्राने चढण्याचा वर्ग गावातच भरवायचा ठरला आणि संयोजक म्हणून बाबी नेमला गेला. मंडप, बॅनर, पॅडलचं चढण्याचं यंत्र, सगळं वेळेवर. एकोणतीस उमेदवार खुर्च्यांवर. तिसावा म्हणून बाबीने स्वतःचंच नाव घातलं. तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून आमच्या माडवाल्याला बोलावलं होतं. तो “उद्या येतंय” म्हणाला.

मग बाबीच यंत्रावर चढला. पुरुषभर उंचीवर थांबला आणि तिथूनच सुरक्षा पट्ट्यावर वीस मिनिटं बोलला. टाळ्या झाल्या, खाली उतरताना दोघांनी धरला. प्रमाणपत्रं वाटली, आभार मानले. कुडाळहून आलेल्या साहेबांना उन्हाने तहान लागली होती. मंडपावरच्या माडाकडे बघत त्यांनी विचारलं, “एखादं शहाळं मिळेल का हो?”

बाबीने चौक्याला माणूस पाठवून थंड पेयाच्या बाटल्या मागवल्या.