समुद्र दिसतो, पेमेंट दिसत नाही

घरबसल्या ऑनलाइन लेखनाचा एकहाती धंदा सुरू करू इच्छिणाऱ्या, आणि त्यासाठी नुकताच राजीनामा दिलेल्या होतकरूंसाठी ही मार्गदर्शिका आहे. तिचा प्रयोग अलिबाग, चौल, रेवदंडा ते श्रीवर्धन या पट्ट्यात झालेला आहे. घाटावरच्यांनी वापरल्यास परिणामांना लेखिका जबाबदार नाही.

साहित्य : एक लॅपटॉप, एक खुर्ची (प्लास्टिकची चालेल, पाठीला चालणार नाही), दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं, एक इन्व्हर्टर, दोन बँक खाती आणि लाल कापडी बांधणीची एक वही. पहिल्या पाच वस्तू सगळे आणतात. वही राहते.

पायरी १ : जागा निवडा

मुंबई सोडून किनाऱ्यावर शांतपणे काम करण्याची कल्पना आपल्यालाच सुचली, असा समज प्रथम काढून टाका. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार आणि त्यांच्या प्रवाहानं चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं ते काम १९०४ साली अलिबागला हलवण्यात आलं. तुमचंही कारण साधारण तेच. लोकलच्या प्रवाहानं तुमचं मोजमाप बिघडलं होतं. फरक एवढाच, की त्या वेधशाळेत शंभराहून अधिक वर्षं पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत आहेत, आणि तुम्हाला गेल्या मंगळवारी पाचशेची नोट कुठे मोडली ते आठवत नाही.

जागा निवडताना समुद्र दिसतो की नाही यापेक्षा पाहुण्यांना घर सापडतं की नाही, हे बघा. न सापडणारं घर घ्या. पूर्वी पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद झाल्या की पाहुण्यांचाही हंगाम संपायचा. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट माणसांना गाडीसकट मांडव्याला आणून सोडते. शुक्रवारी रात्री आलेला मावसभाऊ “तू तर घरीच असतेस” म्हणाला, की वहीत “पाहुणे” या नावानं नवं खातं उघडा. ते कधीच बंद होत नाही.

पायरी २ : धंदा गावाला समजावून सांगा

हे जमणार नाही. तरी प्रयत्न करावा.

“काय करतेस गो हल्ली?”

“लिहिते.”

“ता कळला. कामाला कुठं जातेस?”

इथे वाद घालू नये. “मुंबईच्या कंपनीचं काम घरून करते” एवढं सांगून मोकळं व्हावं. पुढच्या महिन्यात ग्रामपंचायतीचे अर्ज, मुलीची बायोडाटा-पत्रिका आणि सत्यनारायणाचं निमंत्रण तुमच्याकडे लिहायला येईल. ही कामं वहीत शून्य रुपयांनी का होईना, पण लिहावीत. वर्षअखेरीस किती दिवस फुकट गेले ते तरी कळतं.

पायरी ३ : दर ठरवा

दर शब्दावर ठरवणं ही या धंद्याची रीत आहे. त्यामुळे थोडक्यात चांगलं लिहिणारा उपाशी राहतो आणि पाल्हाळ लावणारा इन्व्हर्टर घेतो. ग्राहक तीन जातीचे. पहिला म्हणतो, “आत्ता बजेट नाही, पण तुमचं नाव होईल.” दुसरा म्हणतो, “काम मोठं आहे, म्हणून दर कमी करा.” तिसरा अलीकडचा. तो म्हणतो, “एआयनं लिहून ठेवलंय, तुम्ही फक्त जरा हात फिरवा.” हात फिरवायला पहिल्यापासून लिहिण्याच्या दुप्पट वेळ लागतो. दर शब्दावर न सांगता तासावर सांगा, म्हणजे त्याला एआय पुन्हा आवडू लागेल.

पायरी ४ : बिल करा

अलिबागचा पांढरा कांदा भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे. तो रस्त्याच्या कडेला सुटा विकत नाहीत. पातींची वेणी घालून माळ करतात. मधला एक कांदा कुणी उपसला की माळेत भोक दिसतं.

बिलांचं तसंच हवं. बिल क्रमांक १, २, ३ असे ओळीनं विणत जावेत. प्रत्येक बिलावर तारीख, काम, रक्कम, पॅन आणि बँकेचा तपशील असावा. वर्ष १ एप्रिलला सुरू करावं आणि पुढच्या एप्रिलला नवी माळ घ्यावी. “मॅडम, बिलाची काय गरज, जीपे करतो” म्हणणाऱ्यालाही माळेतलाच कांदा द्यावा. व्हॉट्सअॅपवर “ते पैसे पाठवाल ना प्लीज” असं लिहिणं म्हणजे बिल नव्हे, याचना आहे.

पायरी ५ : वाटे पाडा

ही पायरी सीएनं सांगितलेली नाही. रेवदंड्याच्या बाजारात सुकट, जवळा आणि बोंबील विकणाऱ्या मावशींनी सांगितली आहे.

त्यांच्या पाटीशेजारी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो. गिऱ्हाईकानं शंभराची नोट दिली की डबा उघडतो. आत चार प्लास्टिकच्या पिशव्या, चारही गाठी मारलेल्या. नोट हातात आल्याबरोबर मावशी क्षणभर थांबतात, मग एक गाठ सोडतात, नोट सारतात, गाठ पुन्हा मारतात. एकदा न राहवून विचारलं, “मावशी, एकाच पिशवीत टाकलं तर काय बिघडतं?” त्यांनी माझ्याकडे चतकोर दया आणि बाकी तिरस्कारानं बघितलं. “पैसं हातान आलं म्हंजे आपलं झालं काय गो? बोटीवर इचार.”

बोटीवरचा हिशेब असा : मासळी विकली की आधी डिझेल, बर्फ आणि राशन वजा. मग बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा. त्यानंतर उरलेल्यात नाखवा (बोटीचा मालक), तांडेल (बोट हाकणारा) आणि खलाशी. बोट लाकडाची आहे आणि जाळं फाटतं, हे किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत असतं, म्हणून बोटीलाही माणसासारखा वाटा मिळतो.

तुमच्या धंद्यात लॅपटॉप ही बोट आणि इंटरनेट हे जाळं. नाखवाही तुम्हीच, खलाशीही तुम्हीच. नाखवा म्हणून तुम्ही खलाशाला पिळता आणि खलाशी म्हणून नाखव्याच्या पैशावर पापलेट खाता, तिथेच धंदा बुडतो. म्हणून १८,००० रुपये खात्यात आले, तर आनंद करण्यापूर्वी गाठी सोडाव्यात : बोट-जाळ्याला १५ टक्के, म्हणजे २,७००. सरकारला १० टक्के, १,८००. बंदीच्या काळासाठी २० टक्के, ३,६००. खलाशाच्या हातात ९,९००. ही टक्केवारी माझी आहे, तुम्ही तुमची ठरवा. पण पिशव्या वेगळ्या हव्यात. साहित्याच्या यादीत बँक खाती दोन सांगितली, ती त्यासाठीच.

पायरी ६ : कीर्द लिहा, खतावणी करा

हे शब्द ऐकून घाबरू नये. कीर्द म्हणजे रोजच्या रोज, तारखेनं : काय जमा, काय नावे. खतावणी म्हणजे त्याच नोंदी नावानं लावलेल्या : या ग्राहकाकडून किती येणं, विजेवर किती गेले, पाहुण्यांवर किती. स्प्रेडशीटमध्ये दोन पानं केली की झालं. पहिलं पान रोज रात्री पाच मिनिटं, दुसरं महिन्याच्या शेवटी अर्धा तास. तीन महिन्यांचं एकदम लिहायला बसलं की जी वस्तू तयार होते, तिला हिशेब म्हणत नाहीत, ललित लेखन म्हणतात.

धंद्याचा खर्च कोणता, यावर घोळ घालू नये. ग्राहकाला मांडव्याच्या जेट्टीवरून आणायला गेलेल्या रिक्षाचं भाडं हा धंद्याचा खर्च. त्याला खिलवलेलं पापलेट अर्धं धंद्याचं. उरलेलं अर्धं कुणी खाल्लं, हे सीए नक्की विचारतो.

“मी कलावंत, मला आकडे जमत नाहीत” ही सबब रायगड जिल्ह्यात चालत नाही. चिंतामणराव देशमुख इथलेच. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, घर रोह्याचं. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे देशाचे अर्थमंत्री झाले, आणि ‘मेघदूत’ही त्यांनी मराठीत आणलं. देशाची तिजोरी सांभाळून ज्यांना यक्षाचा विरह मराठीत सांगता आला, त्यांच्या जिल्ह्यात तुम्हाला ७९९ रुपयांचं रिचार्ज लिहून ठेवणं जड जाऊ नये.

पायरी ७ : वसुली करा

वसुलीत या किनाऱ्याची परंपरा थोर आहे. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट १७१३ साली पेशवे झाले, आणि १७१९ साली थेट दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. त्यांच्यासोबत फौज होती. तुमच्यासोबत “जेंटल रिमाइंडर” आहे.

तरी एक सनद तुम्हालाही मिळू शकते. उद्यम नोंदणी करा. ती ऑनलाइन होते आणि फुकट होते. पैसे मागणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. नाही दिले, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. हे वाक्य बिलाच्या तळाशी छापा. ग्राहक ते वाचत नाही. त्याचा अकाउंटंट वाचतो, आणि पैसे अकाउंटंटच देतो.

पायरी ८ : कर भरा

सरदेशमुखी दहा टक्क्यांची होती. व्यावसायिक मानधनावरचा टीडीएसही दहा टक्क्यांचाच आहे. तीनशे वर्षांत दर बदलला नाही, याला म्हणतात धोरणातलं सातत्य. फरक असा की सरदेशमुखी परत मिळत नसे. टीडीएस मिळतो. कंपनीनं कापलेले पैसे तुमच्या पॅनवर जमा दिसतात, आणि तुम्हाला कर लागू होत नसेल तर ते परत येतात. पण विवरणपत्र भरलं तरच. न भरणारे पुष्कळजण “कंपनीनं माझे पैसे खाल्ले” असं वर्षानुवर्षं सांगत फिरतात.

टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर दहा हजार किंवा त्याच्या वर जात असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. तारखा कालनिर्णयावर लाल पेनानं गोल करा : १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. सप्टेंबरची तारीख गणपतीच्या आगेमागे येते आणि मार्चची शिमग्याच्या. म्हणजे घरात पैसा उरत नाही, नेमका तेव्हा सरकार हजर होतं. म्हणूनच ती १,८०० ची गाठ. जीएसटीची चिंता वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेल्यावर करा. मांडव्याहून मुंबई दिसते, तशी ती रक्कम अधूनमधून दिसते.

पायरी ९ : बंदीचा काळ

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक मासेमारीला बंदी असते. बोटी वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला. या दिवसांत मावशींची पाटी सुक्या मासळीवर चालते, कारण ती उन्हाळ्यातच वाळवून ठेवलेली असते. नाखव्याला सरकार निदान तारीख तरी सांगतं. तुमची बंदी ग्राहक न सांगता लावतो, तीही बहुधा “आम्ही सध्या स्ट्रॅटेजी बदलतोय” अशा शब्दांत. म्हणून दोन महिन्यांचा घरखर्च आधी वाळवून ठेवावा.

स्प्रेडशीटमधल्या हिशेबाची एक प्रत लाल वहीत ठेवावी, हेही सांगायला हवं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आलं. माड-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, आणि कित्येक गावं आठवडे न् आठवडे अंधारात राहिली. क्लाउडवर ठेवलेला हिशेब सुरक्षित होता. तो बघायला मोबाइलमध्ये चार्जिंग नव्हतं. कुणाकडून किती येणं होतं, ते लाल वहीत होतं आणि मेणबत्तीवर वाचता येत होतं.

एवढं केल्यावर तुम्ही श्रीमंत व्हाल असं नाही. आपण किती गरीब आहोत ते मात्र रुपयापर्यंत कळेल, आणि पुढचं काम कोणत्या दरानं नाकारायचं तेही.

या लेखाचं बिल, क्रमांक १४, लेखासोबत जोडलं आहे. तळाचं वाक्य संपादकांनी अकाउंटंटला दाखवावं, ही नम्र विनंती. खतावणीत त्यांचं पान उघडलं आहे आणि आज पहिला दिवस आहे.