ताबा दाखवू नका, हक्क दाखवा

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात जमीन बघायला आलेल्या माणसाला आधी झाडं दाखवतात, मग ओढा, मग रस्त्यापासूनचं अंतर. त्यानंतर भाव निघतो आणि विसार ठरतो. पहाणी, म्हणजे जमिनीचा महसुली उतारा, सगळ्यात शेवटी येते, कधी येतही नाही. हा क्रम उलटा झाला पाहिजे. आधी कागद, मग भाव, आणि ओढा हवा तेव्हा बघावा.

२०२० मध्ये कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमं काढून टाकली. शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घ्यायची मुभा मिळाली. गणेशगुडीच्या राफ्टिंगमुळे आणि होमस्टेंमुळे या भागाकडे आधीच बाहेरच्यांची नजर होती, आता दलालांचे फोनही वाढले. पण कायदा बदलला तो कोण घेऊ शकतो याबद्दल. काय विकता येतं, हे आहे तिथेच आहे. तालुक्याचा बहुतेक भाग जंगलाचा, त्यातला मोठा तुकडा काळी व्याघ्र प्रकल्पाचा. माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि कसतात. तरी कसण्याचा हक्क वेगळा आणि विकण्याचा वेगळा. सगळी फसवणूक या दोहोंच्या मधल्या फटीत घडते.

लोक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं स्पष्ट देतो.

‘बॉण्डवर लिहून दिलंय, नोटरीचा शिक्का आहे. जमीन माझीच ना?’

नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणीकृत खरेदीखतच लागतं, असं मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ पासून सांगतोय. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार, त्याने मालकी येत नाही. मुखत्यारपत्र घेऊन ‘आता माझंच’ म्हणण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात बंद केली. नोटरी सहीची साक्ष देतो, मालकीची नाही.

‘वनहक्काचा पट्टा आहे, सरकारनेच दिलाय. तो घेतला तर?’

घेऊ नका. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे हा हक्क वारसाला मिळतो, पण विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. इथल्या अनेक कुटुंबांनी या कागदासाठी वर्षानुवर्षं अर्ज केले, पुरावे गोळा केले, सुनावण्यांना चालत गेले. त्यांना रोख रक्कम दाखवून अंगठा घेणाऱ्या माणसाच्या हाती कायद्याने काहीच लागत नाही. ते कुटुंब मात्र कसती जमीन सोडून बसतं. असा व्यवहार जुळवणाऱ्या दलालाला गावाने दारात उभं करू नये.

पट्टाही नसलेल्या अतिक्रमणाच्या जमिनीबद्दल तर बोलायलाच नको. तिथे विकणाऱ्याकडे विकण्यासारखं काही नाही आणि तुमच्या पैशाला पावती नाही. सुपारीच्या बागेबरोबर ‘बेट्टा’ जमीन दाखवतात, तीही नीट समजून घ्या. तिथला पालापाचोळा बागेला नेण्याची सवलत बागायतदाराला असते, जमिनीची मालकी नसते. एकरांचा हिशेब करताना ती वजा करा.

‘रामनगरातली पुनर्वसनाची जागा तरी चालेल ना?’

वाटपाचा आदेश वाचल्याशिवाय हो म्हणू नका. सुपा धरणाने जुनं सुपा गाव बुडवलं आणि उठलेली माणसं रामनगरात वसली. सरकारने दिलेल्या जमिनीला अनेकदा अटी असतात: अमुक वर्षं विकायची नाही, परवानगीशिवाय द्यायची नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सरकारने दिलेली जमीन असेल, तर १९७८ चा कर्नाटकाचा कायदा सरकारच्या परवानगीशिवाय झालेली विक्री रद्द ठरवतो. म्हणून मूळ आदेश मागा. झेरॉक्सची झेरॉक्स नको.

‘पहाणीवर त्याचं नाव आहे. आणखी काय हवं?’

बरंच काही. पहाणीतली नोंद महसुलासाठी असते. उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरतात, इतकाच तिचा अर्थ. नाव त्या माणसाकडे आलं कसं, ते फेरफारात शोधा. अकरावा रकाना वाचा, सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा तिथे सापडतो. पहाणी अजून आजोबांच्या नावावर असेल, तर सगळे वारस सहीला हवेत, बहिणीसुद्धा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मापासून आहे, आणि २००५ ची दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात नसले तरी तो आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या विनीता शर्मा निकालात सांगितलं. ‘बहिणी काही बोलत नाहीत’ हे उत्तर कोर्टात टिकत नाही. घरातही टिकायला नको.

सर्व्हे नंबरातला तुकडाच घेणार असाल, तर मोजणीचा ११-ई नकाशा आधी करून घ्या. ‘त्या फणसापासून या बांधापर्यंत’ ही खरेदीखताची भाषा नव्हे.

‘इसी कोरी आली. मग बोजा नाहीच?’

इसीत, म्हणजे बोजाच्या दाखल्यात, फक्त नोंदणी झालेले व्यवहार दिसतात. मूळ कागद बँकेत ठेवून उचललेलं कर्ज, त्याची नोंदणी झाली नसेल तर, तिथे दिसणार नाही. मूळ खरेदीखत डोळ्यांनी बघा. ‘ते बँकेत आहे’ असं उत्तर आलं की बँकेत जा. गहाणांच्या ‘सेर्साई’ या नोंदवहीतही शोध घेता येतो.

‘घराचं कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचंय, किंवा फेडून नव्याने गहाण ठेवायचंय. काय सांभाळू?’

कागद. बदलत्या व्याजाच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतीआधी फेडल्याचा दंड घेता येत नाही. फेड पूर्ण झाल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. उशीर बँकेच्या बाजूने झाला, तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. त्याची बँकेला लेखी आठवण करून द्या. कागद हातात आले म्हणून थांबू नका. गहाणखत नोंदलेलं असेल तर मुक्तीचा दस्तही नोंदवा आणि पहाणीवरचा बोजा उतरवून घ्या. फेडलेलं कर्ज कागदावर राहिलं, तर पुढच्या पिढीला ते पुन्हा फेडल्यासारखं छळतं.

‘शेतजमीन घेतली, आता होमस्टे बांधू?’

खरेदीची मुभा म्हणजे बांधकामाची परवानगी नाही. बिनशेती आधी करावी लागते, आणि जंगलाला लागून असाल तर वनखात्याची बाजूही तपासावी लागते. पाया घातल्यावर विचारण्याचा हा प्रश्न नाही.

आता मागणी. इथे घराघरांत कोकणी आणि मराठी बोलतात, दस्त मात्र बहुधा कानडीत होतो. कानडी ही राज्याची भाषा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण न समजलेल्या कागदावर सही करायला लावणं हा अन्याय आहे. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दस्त त्यांच्या भाषेत ओळीनओळ वाचून दाखवल्याशिवाय वकिलाने तो पुढे सरकवू नये. ग्रामपंचायतींनी ‘पट्ट्याच्या जमिनी विकता येत नाहीत’ असा एक फलक प्रत्येक वाडीत लावावा. खर्च फार नाही, वाचतील ती घरं मोलाची आहेत.

आणि विसार देणाऱ्यांनो, मूळ कागद दाखवायला ‘उद्या’ म्हणणाऱ्याला पैसेही उद्याच द्या.