पंख्याची पट्टी काळी दोन

साउंड रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटर हवाय, असं लॅमिंग्टन रोडवर नुसतं म्हणून बघा. दुकानदार गेमिंगचा डबा पुढे सरकवतो. आत लाल-निळे दिवे, तीन पंखे, भलंथोरलं ग्राफिक्स कार्ड. ख्यालाला लाल दिवे कशाला, हे विचारायची सोय राहत नाही. कारण तोवर त्याने डिस्काउंटही देऊन टाकलेला असतो.

वास्तविक आपण घ्यायला निघालेलो असतो शांतता, आणि तिचा भाव कुठल्याच कोटेशनात नसतो. छोट्या स्टुडिओत गायिका, माइक आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत नांदतात. तिने जीव ओतून मंद्र षड्ज लावावा, नेमका तेव्हाच प्रोसेसर तापावा, पंख्याने जोर धरावा आणि तानपुऱ्याला पाचवी तार फुटावी! ती तार जुळवायला खुंटीही नसते. एम-1 चिपपासून मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, हे खरं. पण काम फार वाढलं की तेही बिचारं मंदावतं.

दुसरं दुखणं उशिराचं. कॉम्प्युटर आवाज घासाघासाने घेतो; त्या घासाला म्हणायचं बफर. 48 किलोहर्ट्झला 1024 सॅम्पलचा बफर ठेवला, की एका बफरपुरताच 21 मिलिसेकंद उशीर. तेवढ्यात ध्वनी सात मीटर जातो. म्हणजे हेडफोनमध्ये गायिकेला स्वतःचाच गळा शेजारच्या बिऱ्हाडातून ऐकू येणार. बफर 128 वर आणला की उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो, पण मग यंत्राला उसंत मिळत नाही आणि जरा मागे पडलं की रेकॉर्डिंगमध्ये ‘टक्’. गंमत म्हणजे हा टक् दर वेळी प्रोसेसरच्या अशक्तपणाचा नसतो; कधी कधी वाय-फायच्या ड्रायव्हरने मध्येच नाक खुपसलेलं असतं. म्हणून प्रोसेसरवरचे चार पैसे वाचवून चांगल्या ऑडिओ इंटरफेसवर घालावेत. विंडोज असेल तर त्या इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे ना, तेवढं आधी पाहावं.

मॅक की विंडोज, यावर रेकॉर्डिस्ट मंडळी रात्र जागवतात. मला तो वाद उलट्या टोकाने सुरू झालेला वाटतो. हात कुठल्या सॉफ्टवेअरवर बसलाय ते आधी बोला. लॉजिक असेल तर मॅक. 2002 साली ॲपलने लॉजिकची कंपनी घेतली, विंडोजची आवृत्ती बंद केली आणि निवडीचा प्रश्नच मिटवला. क्यूबेस, प्रो टूल्स, रीपर दोन्हीकडे चालतात. तिथे खिसा आणि पंखा ठरवील. रॅममध्ये मात्र चिक्कूपणा नको. सॅम्पल लायब्ररीतले व्हायोलिनवाले जागा अडवून बसतात, शिवाय चहा न पिता.

एवढं करून सगळं सुरळीत चालू लागलं, की स्क्रीनच्या कोपऱ्यात अपडेटची सूचना उगवते. 2019 साली मॅकओएस कॅटालिना आली आणि ती टाकताच 32 बिटांचे जुने प्लगइन मुके झाले. तेव्हा हातातलं गाणं निर्मात्याकडे पोचेपर्यंत त्या बटणाला हात लावू नका.