चकलीचा डबा

आण्णांच्या गाळ्यात पाऊल टाकलं की आधी आपला मोबाईल त्यांच्या टेबलावरच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचा. डबा मूळचा चकलीचा. आत आण्णांचाही मोबाईल असतो, तेलकट.

"ऐकायलंय ते," आण्णा डब्याकडे बोट करतात. "परवा पोरगं म्हणालं, साधे माग काढून रॅपियर घेऊया. सांजच्याला रॅपियरची जाहिरात हजर! मी हात बी लावला न्हवता."

हात पोरानं लावला होता. आण्णांच्याच मोबाईलवर तासभर किमती बघत बसला होता. पण आण्णांना हे सांगायची छाती कुणाची?

आता गंमत अशी की आण्णांचे माग २४. त्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचं. मोबाईल डब्यात गप्प, आणि आण्णांची गुपितं कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या गावात खासगी म्हणून काही उरलं असेल असं मला वाटत नाही. कुणाचे माग चालू, कुणाचे बंद, हे रस्त्यानं जाणाऱ्याला कानानंच कळतं. कुणाचं बिम सायझिंगला अडकलंय, कुणाच्या सुताची उधारी थकलीय, याचा तपशील तर आण्णाच पुरवतात, आणि तोही न विचारता.

आधारच्या झेरॉक्स त्यांच्या ड्रॉवरात गठ्ठ्यानं. सिमकार्डाला एक, लॉजवर एक, मिक्सर लागेल म्हणून भरलेल्या लकी ड्रॉला एक. पहिले आठ आकडे झाकलेलं आधारही काढता येतं, असं मी एकदा सुचवलं. आण्णांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"मास्तर, आकडे झाकल्यावर लोक काय म्हणतील? कायतरी भानगड हाय म्हणतील."

मग मी कायदा काढला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

"नऊच्या नऊ?" आण्णांना हक्कापेक्षा एकमताचं नवल. "आमच्या सोसायटीत चहात साखर किती, यावर दोघांचं जमत न्हाई."

२०२३ च्या कायद्यात तुमची माहिती घ्यायला सहसा तुमची संमती हवी असं लिहिलंय, हेही सांगितलं.

"मग मी कवा दिली?"

मी डब्यातून मोबाईल काढून दाखवलं. बॅटरी लावायच्या ॲपनं गावभरचे नंबर मागितले होते, आण्णांनी दिले होते. पत्त्यांच्या खेळानं ते कुठं आहेत ते विचारलं होतं, तेही सांगितलं होतं.

"मागत हुतं बिचारं," आण्णा म्हणाले. "दारात आलेल्याला न्हाई कसं म्हणायचं?"

यावर त्यांनी स्वतःचा उपाय शोधला. रोज सकाळी उदबत्ती झाली की डब्याचं झाकण उघडायचं, आत तोंड घालायचं आणि खणखणीत आवाजात सांगायचं, "मला उंट घ्यायचाय!" महिनाभर हे चाललं. उंटाची जाहिरात एकही आली नाही. मला वाटलं, आता तरी मोबाईल ऐकत नाही हे पटेल. छे! "बगा, कसा गंडवला!" म्हणून आण्णांनी मलाच चहा पाजला.

गेल्या महिन्यात त्यांनी अक्षर मोठं करून द्या म्हणून मोबाईल माझ्या हातात दिला. कीर्तनाचा व्हिडिओ चालू होता. मध्येच जाहिरात आली : जुने यंत्रमाग, चालू वा बंद, रोखीनं घेऊ. पुढच्या व्हिडिओला दुसरी. तिसरीत किलोचा भाव होता. ओळीनं तीन, हे काही सहज येत नाही. कुणीतरी रात्र रात्र हेच शोधत असणार. पोरगं तर नव्यांच्या मागे.

मी वर बघितलं. आण्णांनी मोबाईल हळूच काढून घेतला, डब्यात ठेवला, झाकण घट्ट लावलं.

"पोराला बोलू नका, मास्तर," ते म्हणाले. इतक्या हळू, की २४ माग चालू असते तर मला ऐकूच आलं नसतं.