कापड संपलं का रे?

आमच्या आत्याच्या गळ्यात मंगळसूत्र असतं आणि त्यावर टेप. मंगळसूत्र ती रात्री काढून ठेवते; टेपचं सांगता येत नाही. 35 वर्षं शिवणक्लास चालवल्यामुळे तिला कुठलीही बाई आधी मापात दिसते, मग माणसात. लग्नात नवरीवर अक्षता टाकताना ही माझ्या कानाशी पुटपुटते, "मुंढा ओढलाय." टीव्हीवर निवेदिका महापुराची बातमी सांगत असते आणि आत्या हळहळते, ती तिच्या बाहीबद्दल.

अशी बाई मी गेम खेळताना मागच्या दिवाणावर मटार सोलत बसते, हे माझं प्राक्तन.

सुरुवात लारा क्रॉफ्टपासून झाली. इंग्लंडातल्या डर्बीत बनलेला 1996 चा 'टूम्ब रेडर' मी जुन्या हौसेनं लावला होता. पेरूमधला बर्फाचा डोंगर, गुहेत लांडगे, आणि लाराबाई हाफ पँटीत.

"कापड संपलं का रे?" मागून आवाज आला.

"आत्या, ती साहसी आहे."

"असू दे की. साहसी माणसाला थंडी वाजत नाही होय?"

एवढ्यावर थांबेल तर ती आत्या कसली. उठली, मटाराची शेंग दातात धरली, आणि गळ्यातली टेप सरळ टीव्हीच्या काचेवर लावली. छाती. कंबर. शंका येऊन पुन्हा छाती. क्लासच्या वहीत आकडे मांडले, भागाकार केला आणि चष्मा वर सारून म्हणाली, "ह्या कमरेत आतडी बसत नाहीत. पोरीचं जेवण जातं कुठं?" टीव्हीसमोर ती उभी असल्यामुळे मला लांडगा दिसला नाही. मेलो.

तिच्यात खुनशीपणा मात्र अजिबात नाही. 1997 च्या दुसऱ्या भागात लाराच्या पाठीवर वेणी हलायला लागली, तेव्हा आत्या खूश. "घट्ट घातलीय. घरी कुणीतरी बघणारं आहे." 2013 च्या नव्या अवतारात लारा पूर्ण पँटीत आली, तर म्हणाली, "बघ, गिऱ्हाईक सुधारतं. वेळ द्यावा लागतो."

'मेट्रॉइड'ची गोष्ट मी तिला सांगायलाच नको होती. 1986 चा गेम. सॅमस अख्खा वेळ चिलखतात. शेवटी कळतं की ही बाई आहे. त्यातही तुम्ही गेम जितका लवकर संपवाल, तितके तिच्या अंगावर कपडे कमी. आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आमच्याकडे काम लवकर संपवलं की चहा मिळतो."

आणि 'मेटल गिअर सॉलिड 5'मधली क्वाएट! 2015 सालची ही नेमबाज युद्धभूमीवर जवळपास बिकिनीत फिरते. का, तर ती त्वचेतून श्वास घेते. कपडे घातले तर गुदमरेल. गेममध्ये हे गंभीरपणे सांगितलंय, म्हणून मीही गंभीरपणेच सांगितलं. आत्या आत गेली. मला वाटलं, संतापली. ती कपाटातून मलमलीचा तुकडा घेऊन आली, माझ्या नाकातोंडावर दाबून धरला आणि म्हणाली, "घे श्वास. येतोय ना? मग शिवा की तिला मलमलीचा झगा!"

हसू आलंच, पण 'हे असंच असतं गं' म्हणत मी जे वर्षानुवर्षं खपवून घेतलं, ते तिनं वावभर कापडात निकालात काढलं होतं.

एकदाच तिला खरा राग आलेला पाहिला. 2014 मध्ये युबिसॉफ्टच्या एका माणसानं 'असॅसिन्स क्रीड युनिटी'त सगळ्यांनी मिळून खेळताना बाईचं पात्र का नाही, याचं कारण दिलं होतं : बाई घ्यायची तर हालचाली दुप्पट, आवाज दुप्पट, कपडे दुप्पट. काम फार वाढतं.

"वाढतं तर," आत्या म्हणाली. "शर्टाला टक्स नसतात, ब्लाउजला असतात. अस्तर वेगळं, गळा वेगळा, हुकाची पट्टी वेगळी. दुप्पट काय, अडीचपट काम. म्हणून मी एक तरी बाई दारातून परत पाठवली का?"

मध्यंतरी मी तिला 'राजी' दाखवला. 2020 चा गेम, बनलाय आपल्या पुण्यात. सर्कशीतली पोरगी, धाकट्या भावाला, गोलूला, राक्षसांनी पळवलंय आणि ही त्रिशूळ घेऊन त्याला सोडवायला निघालीय. आत्या टेप न काढता बघत राहिली. मटार तसेच. राजीनं उडी मारली, भिंतीवर पाय देऊन गिरकी घेतली. आत्याची मान तिच्याबरोबर फिरली.

"हिला हात वर करता येतो," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे माप घेऊन शिवलंय."

एवढं प्रशस्तिपत्र तिनं माझ्या बायकोच्या शालूवरच्या ब्लाउजलाही दिलेलं नाही.

तर गेम बनवणारं कुणी हे वाचत असेल, तर आत्याचा क्लास सोमवार सोडून रोज दुपारी 2 ते 5 चालू असतो. टेप आपापली आणायची.