तीन कोटेशनं आणि एक गारगोटी

नगर जिल्ह्यात विहिरीला पाणी लागेल की नाही हे पाणाड्यासुद्धा छातीठोकपणे सांगत नाही; दगड लागेल हे मात्र शेंबडं पोरही सांगतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला, थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि त्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्याने पुढे सावकाश आपला माल भरला. कुठे अकीक, कुठे गारगोटी, कुठे झिओलाइटचे स्फटिक. राहुरीजवळ मोमीन आखाड्याच्या विहिरीतून हिरव्या अपोफिलाइटचे असे गोळे निघाले की परदेशातले संग्राहक त्यांना ‘डिस्को बॉल’ म्हणू लागले. ज्याने विहीर खणायला घेतली त्याला बिचाऱ्याला पाणी हवं होतं.

असे दगड सापडले की शेतकरी ते बांधावर टाकतो, पोरं चिंचा पाडायला वापरतात आणि कंत्राटदार क्रशरमध्ये घालतो. राहतो तो चौथा माणूस. तो दगड उचलतो, इकडेतिकडे कुणी नाही ना बघतो, दगडाला थुंकी लावतो आणि उन्हात धरतो. ओला झाल्याबरोबर आतले पट्टे दिसतात – पांढरा, करडा, मधासारखा पिवळा – आणि चौथ्या माणसाचं आयुष्य नासतं. कारण थुंकी वाळते. वाळल्यावर तो पुन्हा नुसता दगड. ओला दिसतो तसाच तो कायम दिसावा, ही एवढीच या माणसाची मागणी. तिला पॉलिश म्हणतात, आणि पॉलिशला यंत्र लागतं.

हा माणूस जिल्ह्यात सगळीकडे आहे. कधी तो भूगोलाचा निवृत्त मास्तर असतो, कधी साखर कारखान्यातला फिटर. आमच्या सावेडीतला नमुना बँकेतून निवृत्त झालेला आहे. गल्ली त्यांना गारगोटीकाका म्हणते. काकांनी उभी हयात कर्जाची प्रकरणं तपासण्यात घालवली. कडबाकुट्टीसाठी कर्ज मागायला आलेल्या माणसाकडूनही त्यांनी तीन कोटेशनं घेतली. आता स्वतःसाठी दगड घासायचं यंत्र घ्यायचं, तर तीनावर भागेल का?

ही आवड त्यांना जडली प्रवरासंगमला, एका नातेवाइकाच्या दशक्रियेत. पिंड ठेवला होता, कावळा शिवत नव्हता, सगळे हात जोडून वर बघत होते. काका एकटेच खाली बघत होते. नदीकाठच्या गोट्यांत त्यांना लालसर अकीक दिसला होता. कुणीतरी हळूच म्हणालं, “काहीतरी इच्छा राहिलेली दिसते.” राहिलीच होती. अर्ध्या हॉर्सपॉवरचा ग्राइंडर.

तेव्हापासून काकांच्या विजारीच्या खिशात दगड असतात. ते धुण्याबरोबर वॉशिंग मशीनमध्ये जातात. काकू आतून खडखडाट ऐकून ओरडतात आणि काका धावत येतात. काकूंना वाटतं, मशीनच्या काळजीने येतात. काकांची नजर मोटरवर असते. मशीन बिघडलंच तर मोटर सुटी होईल आणि तिला पुली लावता येईल, हा विचार त्यांनी अजून घरात बोलून दाखवलेला नाही. कुलरची मोटर, पाण्याचा पंप, बंद पडलेली घरगुती पिठाची गिरणी, असं जे जे फिरतं ते ते काकांच्या वहीत एचपी आणि आरपीएमसह नोंदवलेलं आहे. टेबलफॅनपुढे ‘विचाराधीन’ असा शेरा आहे.

खरेदीची पहिली मोहीम मी स्वतः पाहिली. गावात – सावेडीत राहणारी माणसं जुन्या नगरला अजून गाव म्हणतात – एका दुकानात काका शिरले आणि म्हणाले, “पाण्यावर चालणारा ग्राइंडर दाखवा. आत दगड घालायचाय.” दुकानदाराने पोराला हाक मारून इडली-डोशाचा वेट ग्राइंडर काढायला लावला. “दगड आतच असतो, काका. ग्रॅनाइटचा. दोन लिटर पीठ होतं.” काकांनी ड्रम फिरवून पाहिला, थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की मला काकूंची काळजी वाटली. दगड, पाणी आणि कुरुंदाची पूड पिंपात घालून पिंप फिरवत ठेवायचं यंत्र असतं खरं. त्याला टंबलर म्हणतात. पण ते एकेका टप्प्याला आठवडाभर, रात्रंदिवस फिरवावं लागतं. भरड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग पॉलिश. महिनाभर घरात गोट्या घोळण्याचा आवाज. काकूंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तेवढे दिवस तुम्ही कुठे राहणार?”

मग आला बेंच ग्राइंडर. दोन्हीकडे सहा इंची चाकं असलेला, वेल्डिंगवाल्यांकडे असतो तो. किंमत दोन-तीन हजारांपासून पुढे, म्हणजे परवडणारी. घोडेगावच्या बाजारात म्हशीची पारख करणारा जाणता गडी जसा आधी दात बघतो, मग कास, मग शेपटी, आणि तोंडाने मात्र “छ्या” एवढंच म्हणतो, तसे काका ग्राइंडर पाहतात. चाक हाताने फिरवायचं, कान लावून बेअरिंग ऐकायचं, शाफ्टला झोल आहे का बघायचं, पाटी वाचायची. पाटीवर असतं २८५०. मिनिटाला २८५० फेरे. इथे काका खिशातून कागद काढतात. सहा इंची चाकाचा काठ या वेगाने ताशी ऐंशी किलोमीटर धावतो. “ताशी ऐंशी!” काका दुकानदाराला म्हणाले. “आपल्या नगर-मनमाड रस्त्यावर कुणाला मिळतो का हा वेग?” दुकानदार नुकताच कोपरगावहून आला होता. तो नुसताच हसला.

मुद्दा मात्र बरोबर होता. या वेगाला चाकावर पाणी सोडलं तर ते दगडावर थांबत नाही, घासणाऱ्याच्या शर्टावर येतं. आणि पाणी न सोडता अकीक घासणं म्हणजे आपल्या हाताने फुप्फुसात सिमेंटचं काम काढणं. अकीकाची धूळ म्हणजे बारीक सिलिका. गुजरातेत खंबातला पिढ्यान् पिढ्या अकीकाचे मणी घडवतात. तिथल्या कारागिरांच्या छातीत ही धूळ बसून सिलिकोसिस होतो, आणि त्याला औषध नाही. एवढं सांगताना काका थट्टेच्या सुरात नसतात. त्यांच्या सगळ्या चिकित्सेत ही एक गोष्ट मला पूर्ण पटते. स्वस्त यंत्र घ्या, जुनं घ्या, भंगारातून घ्या. पण ओलं चालणारं घ्या, आणि ओलं चालतं तिथे अर्थिंग धड असू द्या.

याच न्यायाने अँगल ग्राइंडर बाद झाला. मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे, हातात वीज आणि वर पाणी. “हे घेतलं तर पुढची दशक्रिया माझी,” असा शेरा काकांनी वहीत स्वतःच मारला आहे.

परदेशी यंत्राचा अभ्यास तर वेगळ्या वहीत आहे. एका शाफ्टवर हिऱ्याच्या पुडीची सहा चाकं, भरडपासून गुळगुळीतपर्यंत, प्रत्येकावर पाण्याची धार, खाली ताट. काका त्याचं चित्र दाखवतात तेव्हा आवाज खाली येतो. जहाजभाडं आणि कस्टम धरून आकडा लाखापुढे जातो. “परवडणारं म्हणजे काय हो?” मी एकदा विचारलं. काका म्हणाले, “जे घेतल्यावर हिला खरी किंमत सांगता येते ते.”

अर्थात यंत्राआधी दगड ओळखावा लागतो, आणि इथे काकांचा अधिकार वादातीत आहे. गल्लीतला एक मुलगा राहुरीकडचा सुंदर स्फटिक घेऊन आला, “याला पैलू पाडून द्या” म्हणाला. काकांनी त्याला तासभर बसवून घेतलं. अकीक आणि गारगोटी कठीणपणात सात, चाकूचं पोलाद साडेपाच, अपोफिलाइट जेमतेम पाच. शिवाय तो पापुद्र्यांनी सुटतो, आणि त्याच्या अंगात पाणी असतं. तापला की पांढरा पडून उलतो. “असल्या दगडाला हात जोडायचे, चाक लावायचं नाही.” मग सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघून ये म्हणाले. स्वतः काकांनी एकदा सगळ्या कुटुंबाला शिर्डीच्या दर्शनाला म्हणून बाहेर काढलं होतं आणि गाडी सिन्नरपर्यंत नेली होती. काकू ते संग्रहालय अजून विसरलेल्या नाहीत.

जिल्ह्यात शनिशिंगणापूर असल्यामुळे काकांना आणखी एक ताप आहे. दगडाचं काही करतात म्हटल्यावर लोक सरळ बोट पुढे करतात. “काका, साडेसाती लागलीय. नीलम बसवू का?” सुरुवातीला काका नीलम म्हणजे कुरुंदाचीच जात, कठीणपणा नऊ, असं समजावून सांगत. आता म्हणतात, “माझीच चालू आहे. यंत्र मिळेना.”

काकूंचा युक्तिवाद इतिहासाच्या बाजूने येतो. त्यांचं माहेर संगमनेर तालुक्यातलं, जोर्व्याजवळचं. ज्या गावाच्या नावाने पुरातत्त्ववाले आख्खी जोर्वे संस्कृती ओळखतात तेच जोर्वे. पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी १९५४ ते १९५६ मध्ये नेवाशाला उत्खनन केलं, दायमाबादला पुढे वीसेक वर्षांनी मोठं खोदकाम झालं, आणि सगळीकडे अकीक, कार्नेलियनचे मणी आणि गारेची पाती निघाली. “तीन हजार वर्षांपूर्वी आमच्या माहेरच्या बायका घासलेले मणी घालत होत्या,” काकू म्हणतात, “त्यांनी काय कोटेशनं मागवली होती?” काका म्हणतात, “त्यांना लोडशेडिंग नव्हतं.” खरं म्हणजे त्या मण्यांना भोकं पाडणाऱ्या माणसापुढे काका मनातल्या मनात रोज हात जोडतात. त्याच्याकडे वेळ होता, वाळू होती आणि आरपीएम त्याच्या मनगटात होते.

शेवटी यंत्र झालं. ‘घेतलं’ म्हणता येत नाही. नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका टर्नरने जुळवून दिलं. काकांच्या शंकांना कंटाळून, असं तो सांगतो. १४४० फेऱ्यांची जुनी मोटर, नवा शाफ्ट, दोन बेअरिंगं, व्ही-बेल्ट. एका टोकाला हिऱ्याची पूड बसवलेलं चाक, दुसऱ्या टोकाला जुन्या चपलेचं चामडं डकवलेली लाकडी तबकडी. तिच्यावर सेरियम ऑक्साइड लावून शेवटची झळाळी आणायची. पाण्यासाठी वर खिळ्याला उलटी टांगलेली सलाईनची बाटली, थेंबांचा वेग चाकाने कमी-जास्त करायच्या सोयीसह. मधल्या टप्प्यांना ग्रॅनाइटचे ओटे घासणाऱ्यांकडचे पॅड. दगड धरायला पेन्सिलीएवढी काडी आणि सराफ बाजारातून आणलेली लाख. मोटर चालू केल्यावर गॅलरीतलं हे सगळं दृश्य अतिदक्षता विभागासारखं दिसे. समोरच्या आजींनी तर “कोण हो आजारी?” म्हणून विचारून घेतलं.

पहिला दगड अर्थातच प्रवरासंगमचा. एक बाजू झाली. खरोखर सुंदर झाली. वाळल्यावरही ओली दिसत होती. काकांनी तो सोसायटीभर फिरवला.

तिथेच घात झाला. दसरा जवळ आला होता. मागच्या गल्लीत पाथर्डीकडचे एक मुकादम राहतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघायची वेळ झाली होती. त्यांनी गॅलरीतलं चाक रस्त्यावरून पाहिलं आणि तासाभरात कोयत्यांचा भारा घेऊन जिना चढून आले. त्यांच्यामागे दूधवाल्याचा विळा. मग तिसऱ्या मजल्यावरची विळी, कुणाचं खुरपं, एका कॅटरिंगवाल्याचे सोळा चाकू. काका आयुष्यभर खातेदाराला तोंडावर नाही म्हणू शकलेले नाहीत. ते कागद अपुरे आहेत एवढंच म्हणत. कोयत्याला कसले कागद मागणार? धार लागत गेली. विळीला दहा रुपये, कोयत्याला वीस हा दर काकूंनी परस्पर ठरवला आणि डब्यात पैसे पडू लागले. हिऱ्याचं चाक मात्र आठवड्यात बोथटलं. हिरा म्हणजे कार्बन. घासताना पोलाद तापलं की ते त्याला खातं, आणि लोखंडाचा कीस चाकात भरून बसतो. दगडापुढे न हरणारं चाक कोयत्यापुढे गुळगुळीत झालं.

काका खचतील असं मला वाटलं होतं. मी गेलो तेव्हा नवी वही उघडलेली होती. “लोखंडाला वेगळं मशीन लागणार,” ते उत्साहाने म्हणाले. “कुरुंदाचं चाक, कोरडं चालणारं. म्हणजे २८५० सुद्धा चालेल! आता बघ, सहा इंची घ्यावं की आठ इंची? औरंगाबादला विचारलंय, पुण्याहून कोटेशन यायचंय…”

काकू पिशवी घेऊन गावात गेल्या होत्या. अर्ध्या तासात रिक्षा दारात उभी राहिली. रिक्षावाल्याने खोका उचलून गॅलरीत ठेवला, काकूंनी डब्यातल्या पैशांतून त्याचं भाडं दिलं आणि खोक्याची दोरी विळीने कापली. आत सहा इंची बेंच ग्राइंडर होता.

काका चष्मा सावरत उठले. “अगं, कुठून घेतलास? आरपीएम विचारलेस का?”

“फिरतो,” काकू म्हणाल्या.